कथा, प्रमाण आणि वैद्य

धन्वंतरी जयंतीच्या सुमारास आपल्या सभा-संमेलनांतून एक वाद हमखास उपस्थित होतो. समुद्रमंथनातून अमृतकलश घेऊन भगवान धन्वंतरी प्रकट झाले, अश्विनीकुमारांनी यज्ञाचे तुटलेले मस्तक जोडले, जराजर्जर च्यवन ऋषी पुन्हा तरुण झाले. या कथा जशा सांगितल्या आहेत तशाच घडल्या काय? एक पक्ष म्हणतो, ऋषी असत्य बोलत नाहीत, तेव्हा हे सर्व अक्षरशः घडलेच असले पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, या भाकडकथा ग्रंथांतून वगळल्याखेरीज आयुर्वेदाला शास्त्र म्हणवून घेता येणार नाही. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, श्रोते दोघांनाही टाळ्या देतात आणि वाद पुढील वर्षापर्यंत तहकूब होतो.

परंतु हा वाद आता आपल्या सभागृहापुरता राहिलेला नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयाच्या समारंभात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कर्णाच्या जन्माचा संबंध जनुकशास्त्राशी आणि गजाननाच्या मस्तकाचा संबंध प्लास्टिक सर्जरीशी जोडला. जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी कौरवांचा जन्म हा मूलपेशी आणि परीक्षानलिका तंत्राचा पुरावा असल्याचे प्रतिपादन केले. दोन्ही वेळी वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. त्या चर्चेत आयुर्वेदाचे नाव वारंवार घेतले गेले, मात्र वैद्यांचे मत फारसे कोणी विचारले नाही. ते आपल्या चिकित्सालयात विचारले जाते. नाडी दाखवता दाखवता रुग्णाचा शिकलेला मुलगा सहज म्हणतो, “डॉक्टरसाहेब, गणपतीचं ते खरंच झालं असेल का हो? तुमच्या ग्रंथांत काय लिहिलंय?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखात हा विषय श्रद्धा विरुद्ध अश्रद्धा असा न मांडता प्रमाणाच्या दृष्टीने, म्हणजे वैद्याच्या दृष्टीने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : आपल्या संहितांनी कथेला आदराने स्थान दिले, परंतु निदान आणि चिकित्सा यांचा भार कथेवर कधीही टाकला नाही. जो वैद्य कथेला शस्त्रकर्माचा वृत्तांत मानतो, तो संहितेच्या बाजूने बोलत आहे असे त्याला वाटते. वस्तुतः तो संहितेची रीत मोडत असतो.

वाद जुनाच आहे

कथा अक्षरशः खऱ्या मानाव्यात की नाहीत, हा प्रश्न पाश्चात्य शिक्षणामुळे उत्पन्न झाला, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. यास्काचार्यांच्या निरुक्तात वृत्र म्हणजे कोण, असा प्रश्न सरळ विचारलेला आहे आणि दोन मते शेजारी शेजारी दिलेली आहेत. नैरुक्तांच्या मते वृत्र म्हणजे मेघ; ऐतिहासिकांच्या मते वृत्र म्हणजे त्वष्ट्याचा पुत्र असलेला असुर. इंद्र-वृत्र युद्धाचा अर्थ पर्जन्याच्या प्रक्रियेत शोधणारे नैरुक्त काही वेदनिंदक नव्हते. वेदार्थ लावण्याचे कार्य परंपरेने त्यांच्याकडेच सोपवले होते. मीमांसकांनीही विधी आणि अर्थवाद असा भेद केला. कर्तव्य सांगते ते विधिवाक्य, आणि त्या कर्तव्याची प्रशंसा करून मन तिकडे वळवते ते अर्थवादाचे वाक्य. अर्थवादातील कथेची किंमत ती घडली की नाही यावर ठरत नाही. ती ज्या विधीला पोषक आहे त्यावरून ठरते.

आता आपल्या घरात येऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील यज्जःपुरुषीय अध्याय आठवावा. पुरुष आणि त्याचे रोग कशापासून उत्पन्न होतात, या काशिपती वामकाच्या प्रश्नावर ऋषींची परिषद भरते. कोणी आत्मा म्हणतो, कोणी सत्त्व, कोणी रस, कोणी कर्म, कोणी स्वभाव. कांकायन म्हणतो की सुखदुःखासह हे सारे प्रजापतीने निर्माण केले. त्यावर भिक्षु आत्रेय तत्काळ आक्षेप घेतो : प्रजेचे हित इच्छिणारा प्रजापती आपल्याच अपत्यांना दुःखाशी कसा जोडील? सृष्टिकर्त्याच्या कथेलाही परिषदेत प्रश्न विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला कोणी सभेबाहेर काढत नाही. शेवटी भगवान पुनर्वसू सर्वांना समजावतात की आपापल्या पक्षाला चिकटून वाद घालणारे घाण्याभोवती फिरणाऱ्या माणसासारखे असतात. चालणे पुष्कळ होते, पोहोचणे होत नाही. जयंतीच्या दिवशीच्या आपल्या वादाचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण.

संहितेत कथा कोठे आहे आणि कोठे नाही

संहितांतील कथांचा एकत्र विचार केल्यास एक गोष्ट ठळकपणे दिसते. दक्षयज्ञाच्या विध्वंसप्रसंगी महेश्वराच्या क्रोधातून ज्वर उत्पन्न झाला, असे चरक निदानस्थानात आणि चिकित्सास्थानातही सांगतो. त्याच विध्वंसात सैरावैरा धावताना, उड्या मारताना गुल्म झाले, हविर्द्रव्याच्या भक्षणातून प्रमेह आणि कुष्ठ झाले, भय आणि शोकातून उन्माद झाला, अशी रोगांची मालिकाच अपस्मारनिदानात आलेली आहे. राजयक्ष्म्याची कथा तर सर्वश्रुत आहे : रोहिणीवर अत्यासक्त होऊन इतर पत्नींची उपेक्षा करणाऱ्या चंद्राला प्रजापतीच्या क्रोधामुळे क्षय जडला आणि अश्विनीकुमारांनी त्याची चिकित्सा केली.

कथा संपते आणि पुढे काय येते? राजयक्ष्म्याच्या अध्यायात साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन ही चार कारणे येतात. प्रत्येकाची संप्राप्ती, लक्षणे आणि चिकित्सा स्वतंत्रपणे सांगितली जाते. ज्वराध्यायात दोषपरत्वे भेद, आम-पच्यमान-निराम अवस्था, लंघन, यवागू, कषाय, घृत यांचा क्रम येतो. रुद्रकोपाची कथा अध्यायातून क्षणभर बाजूला ठेवली, तरी लंघन केव्हा थांबवावे, कषाय केव्हा सुरू करावा, यांपैकी एकाही निर्णयात फरक पडत नाही. चंद्राची कथा खरी असो वा नसो, विषमाशनाने क्षीण झालेल्या रुग्णाला द्यावयाचे औषध तेच राहते.

याचा अर्थ कथा निरर्थक आहे, असा मुळीच नाही. ज्वर संतापलक्षण आहे आणि क्रोध पित्ताला वाढवतो, हे रुद्रकोपाच्या एका चित्रात विद्यार्थ्याच्या मनावर कायमचे ठसते. अतिव्यवायाने धातुक्षय होतो, हे चंद्राच्या कथेने जितके लक्षात राहते तितके सूत्राने राहत नाही. गुल्माचा वाताशी, उन्मादाचा भयशोकाशी असलेला संबंध त्या यज्ञभूमीवरील धावपळीत गुंफलेला आहे. पोथी मुखोद्गत करण्याच्या काळात कथा ही स्मरणाची गाठ होती. संहिताकार या कथांवर व्यक्तिशः विश्वास ठेवत असतील. तसे मानण्यास हरकत नाही. महत्त्वाचे हे, की औषधयोजनेच्या वेळी त्यांनी कथेकडे साक्ष मागितली नाही.

आता अक्षरशः सत्य मानण्यातील अडचण पाहा. च्यवनाला तारुण्य मिळाले, ते कशाने? चरकाच्या रसायनाध्यायात ते च्यवनप्राशाच्या सेवनाने मिळते. शतपथ ब्राह्मणात ते जलाशयात स्नान केल्याने मिळते; महाभारताच्या वनपर्वातही च्यवन अश्विनीकुमारांसह सरोवरात उतरतो आणि तरुण होऊन बाहेर येतो. तेथे अवलेह नाही. सर्वच वृत्तांत शब्दशः खरे मानावयाचे तर ते परस्परांना बाधक ठरतात. एकच मानावयाचा तर कोणता आणि का, हे सांगावे लागते. कथा म्हणून मात्र तिन्हींत विरोध नाही. प्रत्येक ग्रंथाने तीच कथा आपल्या प्रयोजनानुसार सांगितली आहे. रसायनाचा अध्याय असल्यामुळे चरकाने तेथे रसायन घातले.

संहिताकारांनी स्वतः काय केले

लोकसमजूत किंवा प्रमाणभूत मानलेले वचन यांचा प्रत्यक्षाशी विरोध आला, तेव्हा संहिताकारांनी काय केले, हे पाहिल्यास आपला मार्ग स्पष्ट होतो. तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण चरक शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायातील. स्त्रीचा आर्तवप्रवाह वाताने अवरुद्ध होतो, गर्भाची काही लक्षणे दिसू लागतात आणि अज्ञ लोक तिला गर्भवती समजतात. पुढे कारणपरत्वे रक्तस्राव होतो, गर्भ दिसत नाही आणि लोक म्हणतात, भुताने गर्भ नेला. चरक हे मान्य करीत नाही. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे : निशाचर हे ओज भक्षण करणारे मानले जातात, शरीर त्यांना अभिप्रेत नसते, आणि त्यांना शिरकाव मिळालाच असता, तर त्यांनी मातेचे ओज का नेले नसते? निशाचर आहेत की नाहीत, या वादात तो पडत नाही. समजुतीचीच गृहीतके घेऊन तिची विसंगती दाखवतो आणि निरुद्ध आर्तव हे शारीर कारण पुढे ठेवतो. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी एका स्त्रीला ‘भूतबाधा’ या शिक्क्यातून सोडवणारा हा युक्तिवाद आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावयास हवा.

दुसरे उदाहरण अस्थिगणनेचे. शतपथ ब्राह्मणात संवत्सराच्या ३६० रात्री आणि पुरुषाच्या ३६० अस्थी अशी सांगड घातलेली आहे. चरकही ३६० हीच संख्या देतो. त्यात दात, दातांची उलूखले आणि नखेही मोजलेली आहेत. सुश्रुत शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात काय म्हणतो? वेदवादी ३६० अस्थी सांगतात, परंतु शल्यतंत्रात त्या ३०० आहेत. वेदवचनाचा अनादर नाही, खंडनमंडनाचा आवेश नाही; पण स्वतःच्या तंत्राची संख्या तो निःसंकोचपणे वेगळी सांगतो. त्याच अध्यायात शवशोधनाचा विधी आहे : विषाने न मेलेले, दीर्घ व्याधीने न ग्रासलेले शव घ्यावे, आतड्यांतील मल काढावा, मुंज इत्यादींनी वेढून पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात कुजू द्यावे आणि सात रात्रींनंतर कूर्चाने हळूहळू घासत त्वचेपासून आतील प्रत्येक अवयव डोळ्यांनी पाहावा. आज आपण प्रौढ माणसाच्या अस्थी २०६ मोजतो. सुश्रुताने तरुणास्थी आणि दातही धरले होते, म्हणून संख्या वेगळी. ही संख्या त्याच्यापेक्षा निराळी आहे म्हणून सुश्रुत खोटा ठरत नाही. मोजण्याची रीत त्यानेच तर दाखवली.

तिसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात शल्यतंत्राचे आद्यत्व सांगताना सुश्रुत, रुद्राने यज्ञाचे शिर छेदले आणि अश्विनीकुमारांनी ते जोडले, असे ‘श्रूयते’ या शब्दाने सांगतो. ऐकिवात आहे, इतकेच. तोच सुश्रुत शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात १०७ मर्मे सांगताना कंठातील आठ मातृका सद्यःप्राणहर मर्मांत घालतो. त्यांना आघात झाल्यास सात रात्रींच्या आत मृत्यू, असा नियम देतो. ज्याने मस्तक जोडल्याची कथा सांगितली, त्याने मान कापलेल्या रुग्णाच्या बाबतीत शिष्याला कोणता उपदेश केला, हे येथे स्पष्ट दिसते. स्तुतीच्या जागी कथा, रुग्णाच्या जागी मर्मज्ञान.

गजाननाचे मस्तक आणि पुण्याचे नाक

आता लोकांनी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. गजाननाची कथा हा शस्त्रकर्माचा पुरावा होऊ शकतो काय? शिवपुराणात शंकर बालकाचे मस्तक छेदतात. ब्रह्मवैवर्त पुराणात शनीच्या दृष्टीने मस्तक नष्ट होते आणि विष्णू हत्तीचे मस्तक आणतात. दोन्ही ठिकाणी जे घडते ते ईश्वरी सामर्थ्याने घडते. यंत्र नाही, शस्त्र नाही, सीवन नाही, बंध नाही, पश्चात्कर्म नाही. कथा सांगणाऱ्यालाच जे शस्त्रकर्म म्हणून अभिप्रेत नव्हते, ते आपण त्याच्या पदरात बांधतो. शिवाय भक्ताला पूज्य असलेला विघ्नहर्ता हा कोणा शल्यचिकित्सकाचा रुग्ण ठरतो, याचेही भान राहत नाही. यात ना देवाचा सन्मान, ना शास्त्राचा.

याउलट सुश्रुताच्या सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय उघडावा. कर्णपालीच्या संधानाचे पंधरा प्रकार सांगितल्यावर नासासंधान येते. छिन्न नासिकेच्या मापाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाच्या बाजूची त्वचा एका बाजूने संलग्न ठेवून उचलावी, नासिकेचा अग्रभाग खरवडून त्यावर ती बसवावी, श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात, पतंग, यष्टिमधु आणि रसांजन यांचे चूर्ण भुरभुरावे, कापसाने झाकून तिळाच्या तेलाचे सिंचन करावे. त्वचा पूर्ण तोडू नये, हे येथील मर्म आहे. रक्तपुरवठा असलेला भाग जिवंत राहतो, हा अनुभव त्यामागे आहे.

आणि हे ज्ञान पोथीतच राहिले नव्हते, याची साक्ष आपल्या महाराष्ट्रातच आहे. १७९२च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला; त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा भाजण्याचा धंदा करणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. मेणाचा नमुना करून तो कपाळावर पसरला, त्या मापाने त्वचा उचलली, दोन डोळ्यांच्या मधला दुवा कायम ठेवून ती खाली वळवली, काताचा लेप लावला आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी तो दुवा तोडला. हे कर्म मुंबईतील थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी पाहिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ला त्याचा सचित्र वृत्तांत छापला गेला. तो वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनला हे कर्म केले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

यात दोन गोष्टी नजरेत भरतात. सुश्रुताने त्वचा गालाची सांगितली, पुण्याच्या कारागिराने ती कपाळाची घेतली. म्हणजे परंपरेत हात शिकत होते, बदलत होते. आणि जगाने जे स्वीकारले, ते कोणी डोळ्यांनी पाहिले, मोजले आणि पुन्हा करून दाखवले म्हणून. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात भारताचे स्थान पक्के आहे. ते या नाकावर उभे आहे. त्याच्या शेजारी गजाननाचे मस्तक पुरावा म्हणून ठेवले, की ऐकणारा हसतो आणि त्या हसण्यात नाकही वाहून जाते. खऱ्या नाण्यांच्या थैलीत एक खोटे नाणे घातले, तर सराफ सारी थैलीच संशयाने पाहतो.

तीन आक्षेप

या प्रतिपादनावर विद्वान वैद्यमित्र तीन आक्षेप घेतील, याची कल्पना आहे.

पहिला आक्षेप आप्तोपदेशाचा. आप्तवचन हे प्रमाण असताना वैद्याने शंका कशी घ्यावी? सुश्रुताने सूत्रस्थानाच्या ४०व्या अध्यायात औषधींची हेतूंनी परीक्षा करू नये असे म्हटले आहे, हेही दाखवले जाते. त्या वचनाचा संदर्भ पाहावा. ज्या औषधींचे फल प्रत्यक्ष दिसते त्यांच्याविषयी तो बोलत आहे. सहस्र हेतू दिले तरी अंबष्ठादी गण विरेचन करणार नाही, असा त्याचा आशय आहे. तेव्हा हे वचन कोरड्या तर्कापेक्षा प्रत्यक्ष फलाला वरचे स्थान देते. कथेला प्रत्यक्षापेक्षा वरचे स्थान देण्यासाठी त्याचा उपयोग करता येत नाही. चरकही विमानस्थानात रोगज्ञानाचा आरंभ आप्तोपदेशाने सांगून पुढे प्रत्यक्ष आणि अनुमान यांनी परीक्षा करावयास लावतो. आप्तवचन हे दार आहे. दारातच बसून राहावे, असे कोणी सांगितलेले नाही.

दुसरा आक्षेप दैवव्यपाश्रय चिकित्सेचा. विषमज्वरात चरकाने विष्णूच्या सहस्रनामांचा पाठ सांगितला आहे, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु चरकानेच दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन कप्पे स्वतंत्र केले. नामस्मरणाने रुग्णाला धीर येत असेल, तर ते त्याला अवश्य करू द्यावे. मात्र त्याला लंघन-पाचनाच्या जागी बसवू नये आणि कथेच्या ऐतिहासिकतेचा दाखलाही समजू नये. उन्मादनिदानात तर चरक स्पष्ट सांगतो की स्वतःच्या कर्माने जो क्लिष्ट झालेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच पीडा देत नाहीत; प्रज्ञापराधाने आलेल्या व्याधीचे खापर देवांवर फोडू नये.

तिसरा आक्षेप अधिक आकर्षक, म्हणून अधिक धोक्याचा आहे. कथा अक्षरशः खरी नसली, तरी तिच्यात आधुनिक विज्ञान गुप्त रूपाने दडलेले आहे, असे हे मत. शंभर घृतकुंभ म्हणजे परीक्षानलिका, निशाचर म्हणजे जंतू, अमृत म्हणजे अमुक एखादे संप्रेरक. वरकरणी हा मधला मार्ग वाटतो. वास्तविक हा अक्षरवादच वेष पालटून आलेला आहे. गांधारीच्या मांसपिंडाचे भाग घृतकुंभांत ठेवल्याची कथा घ्या. सुश्रुताने गर्भसंभवाला ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चार गोष्टींची आवश्यकता सांगितली. कुंभात क्षेत्र कोठे आणि पोषक अंबू कोठे, हा प्रश्न आपल्याच शास्त्राने विचारावयाचा आहे. पाश्चात्यांनी शोध लावला की नंतर तो आपल्या पुराणात सापडावा, यात एक न्यूनगंड आहे. आधी सापडला असता आणि मग प्रयोगाने सिद्ध झाला असता, तर त्यात पुरुषार्थ होता.

आज काय पणाला लागले आहे

कोणी म्हणेल, कथेने असे काय बिघडते? बिघडते, आणि ते आपल्याच व्यवसायात बिघडते. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य आणि शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणातील शस्त्रकर्मांची यादी अधिसूचित केली : शल्यातील ३९ आणि शालाक्यातील १९. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यास तीव्र विरोध केला. या वादात आपल्या अधिकाराचा आधार कोणता? सोळाव्या अध्यायातील संधानविधी, शवशोधनाची परंपरा, आजचे प्रशिक्षण आणि आजचे निष्कर्ष हा आधार होऊ शकतो. यज्ञाचे शिर हा आधार होऊ शकत नाही. रुग्ण टेबलावर असताना वैद्याने काय पाहिले, किती वेळा केले आणि किती रुग्ण बरे झाले, एवढेच विचारले जाणार आहे.

क्षारसूत्राचे उदाहरण समोर आहे. भगंदरावरील हा जुना उपचार बनारस हिंदू विद्यापीठात पी. जे. देशपांडे यांनी प्रयत्नपूर्वक पुन्हा उभा केला. पुढे भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी बहुकेंद्री तुलना केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : व्रण भरण्यास क्षारसूत्राने अधिक काळ लागतो, परंतु व्याधी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी. या दोन वाक्यांत आपली उणीवही आली आणि बळही आले. म्हणूनच ती कोणी हसण्यावारी नेली नाहीत.

दुसरीकडे बाजारात काय चालते, ते आपण सर्व पाहतो. च्यवनाचे तारुण्य दाखवून डबे विकले जातात. चरकाने रसायनापूर्वी संशोधन सांगितले, कुटीप्रावेशिक विधी सांगितला, आचाररसायन सांगितले. ते सारे गळून कथा तेवढी वेष्टनावर उरते. आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा औषधे व जादुई उपाय कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. अक्षरशः सत्य मानलेली कथा ही त्या कायद्याला वळसा घालण्याची सर्वांत सोपी वाट आहे, कारण तिच्यावर शंका घेणारा धर्मद्रोही ठरवता येतो. मधुमेहाचा रुग्ण अशा एखाद्या ‘दिव्य’ औषधावर विसंबून पथ्य आणि नियमित औषध सोडतो आणि पायाची जखम चिघळल्यावर आपल्याकडे येतो. तेव्हा त्याच्या पायाशी बसणारा वैद्यच असतो. कथा सांगणारा तेथे नसतो.

म्हणून वैद्यबंधूंना आणि भगिनींना माझी नम्र सूचना आहे. महाविद्यालयांत कथा अवश्य शिकवाव्यात. त्या आपल्या वाङ्मयाचा आणि संस्कृतीचा ठेवा आहेत. मात्र त्या शिकवताना ती कोणत्या सिद्धांताची स्मरणखूण आहे आणि पुढील चिकित्सासूत्र कोणत्या प्रमाणावर उभे आहे, हे त्याच तासाला विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे. जाहीर व्याख्यानांत आयुर्वेदाची थोरवी सांगताना पुराणातील चमत्कारांऐवजी नासासंधान, भूतहृत गर्भाचे खंडन आणि अस्थिगणना ही उदाहरणे द्यावीत; ती अधिक रोमहर्षक आहेत आणि ती कोणालाही पोथी उघडून तपासता येतात. आणि रुग्णाच्या मुलाने गणपतीविषयी विचारले, तर त्याला सांगावे, “बाळ, ती श्रद्धेची कथा आहे, तिला नमस्कार कर. आमच्या शल्यतंत्राचा पुरावा दुसरीकडे आहे, ये, दाखवतो.”

अष्टांगहृदयाच्या अखेरीस वाग्भटाने या विषयावर निर्णायक शब्द लिहून ठेवला आहे. तैल वाताचे, घृत पित्ताचे आणि मध कफाचे शमन करते. हे ब्रह्मदेवाने सांगितले काय किंवा ब्रह्मदेवाच्या पुत्राने सांगितले काय, वक्त्यामुळे द्रव्याच्या शक्तीत फरक पडत नाही, असा त्याचा आशय आहे. केवळ ऋषिप्रणीत म्हणून ग्रंथ वाचावयाचे, तर चरक-सुश्रुत सोडून भेलादिकांचे ग्रंथ का वाचत नाही, असेही तो विचारतो. ज्या परंपरेत असा प्रश्न विचारणारा आचार्य वृद्धत्रयीत बसतो, त्या परंपरेच्या वैद्याला सत्याची भीती बाळगण्याचे काहीच कारण नाही.

इत्यलम्.